सूत्र सोडणारा सूत्रधार

आजी गोष्ट सांगू लागली की ऐकणाऱ्याने अधूनमधून 'हुं' म्हणायचे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. ऐकणारा जागा आहे, कथेबरोबर चालतो आहे, एवढेच त्या हुंकारावरून कळते. राजपुत्राने डावीकडे वळावे की उजवीकडे, हे मात्र आजीच ठरवते. आता अशी कल्पना करू या, की नातू मध्येच म्हणाला, "आजी, राजपुत्र मी आहे, आणि मी राक्षसाच्या वाड्यात जाणार नाही. विहिरीवर बसलेल्या त्या म्हातारीशी मी बोलतो." आणि आजीही न रागावता म्हणाली, "बरे. म्हातारी तुझ्याकडे पाहते, पण घागरीवरचा हात काही काढत नाही. तू काय करतोस?" त्या क्षणी गोष्टीची जातच बदलते. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधील जुना करार मोडतो व नवा सुरू होतो.

या नव्या करारावर उभा असलेला एक खेळ आहे: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तेथून 1974 साली तो प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या 1000. खेळाची पद्धत साधी आहे. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सोडून प्रत्येक जण एकेक पात्र होतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी धर्मोपदेशक. उरलेला एक जण त्या काल्पनिक जगाचे वर्णन करतो, तेथील इतर सर्व माणसांच्या व प्राण्यांच्या वतीने बोलतो आणि कृतीचा परिणाम सांगतो. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात; त्यांतला सर्वांत परिचित फासा वीस बाजूंचा असतो. या उरलेल्या माणसाला 'गेम मास्टर' म्हणतात. 2016 साली सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे आपल्या घरांतील मुलांनाही हा शब्द ठाऊक झाला आहे. मराठीत त्याला मी सूत्रधार म्हणतो. तो शब्द पुरेसा बसतो का, ते पुढे पाहू.

या विषयावर लिहिताना मला एक ऋण फेडायचे आहे. काही वर्षांपूर्वी तरुणांच्या मेळाव्यात मी या खेळाविरुद्ध बोललो होतो. हाती एक अमेरिकन पत्रक होते. खेळाचे एकही पुस्तक मी उघडलेले नव्हते. पुढे एका मातेने आपल्या मुलाची वही माझ्यापुढे ठेवली. "फादर, तुम्हीच बघा, यात वाईट काही आहे का," एवढेच ती म्हणाली. मुलगा आपल्या चार मित्रांचा सूत्रधार होता. वहीत नकाशे होते, शिंगांचा एक राक्षस होता, आणि एका पडक्या मंदिराचे आठ पाने भरून वर्णन होते. त्या आठ पानांवर तिरकी रेघ मारून खाली लिहिले होते: 'कोणी मंदिरात गेलेच नाही. सगळे नावाड्याकडे राहिले. नावाड्याचे घर तयार करायला हवे.' मी ते वाक्य दोनतीनदा वाचले. रविवारच्या प्रवचनासाठी मीही आठ पाने लिहितो, पण लोक नावाड्याकडे राहिले म्हणून माझी पाने मी कधी खोडल्याचे आठवत नाही. त्या वहीमुळे मी मूळ पुस्तकांकडे वळलो.

सूत्रधाराची ही भूमिका अचानक उगवलेली नाही. तिचे मूळ लष्करी शिक्षणात आहे. 1824 साली प्रशियाचा एक तरुण अधिकारी, गेओर्ग फॉन राइसवित्झ, याने युद्धाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत. संपूर्ण चित्र केवळ पंचासमोर असे, आणि तो प्रत्येक बाजूला तिच्या सैन्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच सांगे. सर्व ठाऊक असणे आणि योग्य तेवढेच सांगणे, ही या भूमिकेची पहिली शिस्त. पुढे नियमांचे ओझे वाढले. तेव्हा 1876 साली युलियस फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने सुचविले, की नियमपुस्तक बाजूला ठेवावे आणि अनुभवी पंचाच्या विवेकावर विसंबावे. ही दुसरी शिस्त: नियमापेक्षा विवेक मोठा.

तिसरी गोष्ट मात्र अपघाताने घडली. अमेरिकेतील मिनेसोटामध्ये डेव्हिड वेझली या तरुणाने 1969 साली नेपोलियनकालीन लढाईचा एक खेळ मांडला. ब्राउनश्टाइन नावाचे काल्पनिक जर्मन गाव, आणि तेथील निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका खेळाडूंना वाटून दिलेल्या. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू एकमेकांना कोपऱ्यात घेऊन कुजबुजू लागले, कट रचू लागले. सारे हाताबाहेर गेले. खेळ फसला असेच वेझलीला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ हवा म्हणून हट्ट धरला. त्यांच्यातील आर्नेसनने पुढे 'ब्लॅकमूर' नावाचे जग रचून किल्ल्याखालच्या भुयारांत खेळाडूंना फिरवले, आणि त्यातून गायगॅक्सच्या साहाय्याने 1974 ची पुस्तके निघाली. हा खेळ जन्मला तो सूत्रधाराच्या हातून सूत्र निसटले तेव्हा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सूत्रधाराचे कार्य शब्दबद्ध करणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे गायगॅक्सचे 1979 चे 'डंजन मास्टर्स गाइड'. दोनशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ एक विलक्षण अडगळीची खोली आहे. रत्नांचे मोल, रोगांची लक्षणे, किल्ला बांधण्याचा खर्च, सारे कोष्टकांत मांडलेले. भाषा जडशीळ, जुनाट शब्दांची हौस असलेली. परंतु समीक्षकाला खिळवून ठेवते ती त्याच्यातील विसंगती. एकीकडे लेखक सूत्रधाराला त्याच्या जगाचा निर्माता आणि अखेरचा न्यायाधीश ठरवतो. इतर खेळाडूंनी हे पुस्तक वाचूच नये, असे तो अर्धवट थट्टेने, पण दटावून सांगतो. दुसरीकडे ग्रंथाच्या शेवटी तो म्हणतो, की नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा महत्त्वाचा. करिंथकरांस दुसरे पत्र वाचलेल्या कोणाही ख्रिस्ती वाचकाला येथे ओळखीची चाहूल लागेल. मात्र पौलाच्या लेखी आत्मा मनुष्याला मोकळे करतो. गायगॅक्सच्या लेखी तो कोणाला मोकळे करतो, सूत्रधाराला की खेळाडूंना, हे ग्रंथात स्पष्ट होत नाही.

याचे उत्तर त्याच्या दुसऱ्या, अधिक लहान पुस्तकात सापडते. 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही पुस्तिका नवशिक्या सूत्रधारांसाठी लिहिलेली. तिच्यात कथानक असे जवळजवळ नाहीच. सीमेवर एक किल्ला आहे, थोड्या अंतरावर एक दरी आहे, आणि दरीच्या कड्यांत निरनिराळ्या टोळ्यांच्या गुहा आहेत. किल्ल्यातील माणसांना नावेही दिलेली नाहीत. लोहार, किल्लेदार, प्रार्थनामंदिराचा धर्मगुरू, एवढीच त्यांची ओळख. तेथे मुक्कामाला आलेला एक हसतमुख, गप्पिष्ट पुरोहितही आहे, आणि तोच आतून दुष्टांचा हस्तक आहे. माझ्या व्यवसायाविषयीचा हा इशारा मी विनातक्रार स्वीकारतो. पुस्तिका जागा देते, माणसे देते. वाट मात्र देत नाही. वाट खेळाडूंच्या पायांनी पडते.

याच्या उलट उदाहरण 1984 साली सुरू झालेल्या 'ड्रॅगनलान्स' या मालेचे. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस या लेखकद्वयाच्या कादंबऱ्यांच्या जोडीने ही खेळपुस्तके निघाली. येथे एक महाकथा आधीच रचलेली आहे. लोक खऱ्या देवतांना विसरले आहेत, रोग बरे करण्याची शक्ती जगातून गेली आहे, आणि एक स्त्री निळ्या स्फटिकाचा दंड घेऊन ती श्रद्धा परत आणते. धर्मगुरू म्हणून हे कथानक मला भावते. किल्ला आणि गुहा यांपेक्षा त्यात कितीतरी अधिक आशय आहे. पण खेळ म्हणून पाहता त्याची गाठ पुढेच बसते. ठरलेली महत्त्वाची पात्रे अवेळी मरू नयेत, मेलीच तर प्रेत सापडू नये म्हणजे पुढे ती परत आणता येतील, अशी तजवीज तेथे सूत्रधाराला सुचवलेली आहे. खेळाडूने काहीही केले तरी कथा ठरल्या ठिकाणीच पोहोचणार. रुळावरून गाडी जाते तशी ही वाट. डब्यात बसलेल्याला खिडकीतून देखावा तेवढा दिसतो. कथा म्हणून मला 'ड्रॅगनलान्स' अधिक आवडते आणि खेळ म्हणून 'बॉर्डरलँड्स'. या दोन आवडींमधील अंतरातच सूत्रधाराच्या कलेचा प्रश्न आहे.

तो प्रश्न असा: ज्याच्या हाती सारी सत्ता आहे त्याने ती कशी वापरावी, म्हणजे समोरच्याचे स्वातंत्र्य खरे राहील? सेमिनरीत आम्ही ईश्वरी योजना आणि मानवी स्वातंत्र्य यांवर पुष्कळ पाने वाचली. या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर मात्र मला एका अगदी वेगळ्या ग्रंथात दिसते. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्यात साधना करणारा मनुष्य बेथलेहेमच्या गोठ्यात स्वतःला एका गरीब सेवकाच्या रूपात उभा करतो, पाहतो, ऐकतो, सेवा करतो. भूमिका घेणे आणि स्थळ डोळ्यांपुढे उभे करणे हे चर्चला परके नाही. या ग्रंथाच्या आरंभी साधना देणाऱ्यासाठी 20 सूचना आहेत. दुसरी सूचना सांगते, की प्रसंग प्रामाणिकपणे पण थोडक्यात मांडावा. कारण साधकाला स्वतः शोधून जे गवसते त्याची गोडी व फळ अधिक असते. पंधरावी सूचना सांगते, की मार्गदर्शकाने साधकाला इकडे वा तिकडे झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, आणि निर्माणकर्त्याला आपल्या लेकराशी थेट बोलू द्यावे. चांगला सूत्रधारही नेमके एवढेच करतो. थोडक्यात सांगतो, आणि मग विचारतो, "तुम्ही काय करता?"

तुलनेला मर्यादा आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 साली गोव्यात छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'तही श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तरे देतो. श्रोत्याला बोलू देणारी ती रचना आजही ताजी वाटते. पण तेथील श्रोता तारणाची कथा बदलू शकत नाही, आणि त्याने ती बदलावी अशी अपेक्षाही नाही. गोठ्यातला साधक बाळ येशूला दुसरीकडे नेऊ शकत नाही; बदलायचे असते ते त्याने स्वतःच. खेळाचे जग मात्र मनुष्याने रचलेले, म्हणून ते मोडता-घडवता येते. जे. आर. आर. टॉल्किन हे श्रद्धावान कॅथॉलिक. त्यांनी 1939 साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले, आणि त्यातून पुढे आलेल्या निबंधात मनुष्याच्या अशा कल्पनासृष्टीला उपनिर्मिती मानले: निर्माणकर्त्याच्या प्रतिमेत घडलेला जीव आपल्या परीने निर्माण करतो. गायगॅक्सने आपल्या ग्रंथाच्या वाचनयादीत टॉल्किनचे नाव दिले आहे. टॉल्किनच्या उपनिर्मात्याला आपल्या पात्रांची मने स्वतःच लिहावी लागतात. टेबलावरील सूत्रधाराच्या कथेतली प्रमुख माणसे मात्र स्वतंत्र इच्छा घेऊन समोर बसलेली असतात. म्हणून त्याचे काम अधिक नम्रतेचे आहे. 'सूत्रधार' हा शब्द येथेच अपुरा पडतो. बाहुल्यांची सूत्रे धरणाऱ्याला बाहुली कधी उलट उत्तर देत नाही.

आता त्या पत्रकाविषयी. 1979 साली मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला. शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने या खेळाकडे बोट दाखवले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलले. त्या मुलाच्या व्यथा वेगळ्याच होत्या, खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता, हे नंतर उघड झाले. पण तोवर समज पसरला होता. 1983 मध्ये, पुत्राच्या आत्महत्येने होरपळलेल्या एका मातेने खेळाविरुद्ध संघटना उभारली. सैतानपूजेचे आरोप झाले. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी 'डीमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच गाळले. त्या मातेचे दुःख खरे होते, आणि त्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे. पण दुःखाला कारण सापडले म्हणजे ते कारण खरे असतेच असे नाही. ही छाननी न करता मी व्यासपीठावरून बोललो, ही माझी चूक.

याचा अर्थ टीकेला जागा नाही असा नव्हे. पुस्तके वाचल्यावर मला राक्षसाच्या चित्रांपेक्षा एक हिशेब अधिक खटकला. 1979 च्या नियमांत पात्राची प्रगती अनुभवाच्या गुणांवर होते, आणि ते गुण मुख्यतः दोन गोष्टींनी मिळतात: शत्रूला मारून आणि धन परत आणून. एका सुवर्णनाण्यास एक गुण. पुढच्या आवृत्त्यांत सोन्याचा हा दर मागे पडला, तरी माणसाची वाढ लुटीत मोजण्याची ती कल्पना मुलांच्या मनात नकळत रुजू शकते. चर्चने प्रश्न विचारायचा तर तो येथे विचारावा.

'बॉर्डरलँड्स'च्या गुहांत काही ठिकाणी टोळ्यांच्या बायका आणि पोरेही नोंदलेली आहेत. लढवय्ये मारले गेल्यावर या जिवांचे काय करायचे? पुस्तक त्यावर उपदेश करत नाही. तेथे सारे सूत्रधारावर येते. तो फासे पुढे सारून लुटीची मोजदाद सुरू करू शकतो. किंवा तो थांबून सांगू शकतो, की कोपऱ्यातले पोर तुमच्याकडे पाहते आहे, आणि विचारू शकतो, "तुम्ही काय करता?" पहिल्या टेबलावर खेळ निव्वळ हिशेब राहतो. दुसऱ्यावर सदसद्विवेकबुद्धीला काम मिळते. पुस्तक तेच, फासे तेच. फरक करतो तो माणूस.

त्या मुलाच्या वहीत असा एक प्रसंग मला सापडला. 'तिघांनी कैद्याला मारायचे ठरवले,' असे त्याने लिहिले होते. 'मी अडवले नाही. पुढच्या शनिवारी त्याचा भाऊ त्याला शोधत येईल. तो मारामारी करणार नाही. फक्त विचारेल, तो कुठे आहे.' सोळा वर्षांच्या मुलाने हे लिहिले होते. मित्रांना उपदेश करणे त्याला सहज शक्य होते, फासा लपवून कैद्याला वाचवणेही शक्य होते. त्याने त्यांचे स्वातंत्र्य राखले, आणि त्या स्वातंत्र्याचे मोल त्यांच्यासमोर आणून उभे केले. काईनाला झालेला प्रश्नही असाच होता: तुझा भाऊ कोठे आहे?

वही मी त्या मातेच्या हाती परत दिली आणि मुलाची क्षमा मागितली. पालकांना व धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. मुलांच्या टेबलापाशी एकदा बसा. सूत्रधार कोण आहे, तो दुबळ्या मित्राची थट्टा होऊ देतो का, आपल्याच मनची कथा इतरांवर लादतो का, चुकीच्या कृतीला परिणाम असतो का, हे पाहा. तेथे क्रूरता दिसली, किंवा अभ्यास व झोप यांना खेळ गिळताना दिसला, तर जरूर थांबवा. आणि मूल रात्री उशिरा चमकत्या डोळ्यांनी घरी येऊन सांगू लागले, की आज गुहेत असे झाले, तर "हे काय चालले आहे" असे म्हणू नका. विचारा, "मग तू काय केलेस?" आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत, हुंकार देत, ऐका.